रेचेल कार्सन यांच्यापासून लपवलेले निदान

एप्रिल १९६०मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन येथे ५२ वर्षांच्या एका लेखिकेवर मोठी शस्त्रक्रिया झाली. तिचा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढण्यात आल्या. शुद्धीवर आल्यावर तिने शल्यचिकित्सकाला सरळ विचारले, की गाठ कर्करोगाची होती का? तसे काही निघाले नाही, थोडा संशय होता एवढेच, पुढे कसल्याही उपचारांची गरज नाही, असे तिला सांगण्यात आले. हे उत्तर खरे नव्हते. ती गाठ कर्करोगाचीच होती.

त्या लेखिकेचे नाव रेचेल कार्सन. कीटकनाशकांच्या बेबंद वापराविरुद्ध ज्यांच्या पुस्तकाने जगाला जागे केले, त्या कार्सन. ते पुस्तक त्या शस्त्रक्रियेच्या वेळी अर्धवट लिहून झाले होते. पुढची चार वर्षे त्यांनी पुस्तक, विरोधक आणि आजार या तिन्हींशी एकाच वेळी कसा सामना केला, ही हकीकत स्तनाच्या कर्करोगाविषयीचे अनेक गैरसमज समजून घ्यायला आजही उपयोगी पडते.

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल या छोट्या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. आईला निसर्गाची आणि वाचनाची ओढ होती, ती धाकट्या मुलीत उतरली. वयाच्या ११व्या वर्षी मुलांच्या एका मासिकात त्यांची पहिली गोष्ट छापून आली. महाविद्यालयात त्या गेल्या इंग्रजी साहित्य शिकायला, पण जीवशास्त्राच्या एका प्राध्यापिकेच्या तासांनी त्यांची वाट बदलली. १९३२मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे डॉक्टरेट करायची इच्छा होती, पण महामंदीचा काळ होता आणि घर चालवायचे होते. १९३५मध्ये वडील गेले. थोड्याच काळात थोरली बहीण गेली आणि तिच्या दोन मुलींची जबाबदारी कार्सन आणि त्यांच्या आईवर आली.

सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्यात त्यांना समुद्रजीवनावर रेडिओसाठी संहिता लिहिण्याचे काम मिळाले, मग तिथेच कायम नोकरी लागली. दिवसा कचेरी आणि रात्री स्वतःचे लेखन, असे त्यांचे जवळजवळ १५ वर्षे चालले. १९५१मध्ये 'द सी अराउंड अस' हे त्यांचे समुद्रावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या लोकप्रिय पुस्तकांच्या यादीत ते ८६ आठवडे टिकले. पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखन सुरू केले.

या यशाच्या थोडे आधी, १९५०मध्ये, त्यांच्या स्तनातली एक गाठ काढण्यात आली होती. ती साधी आहे, काळजीचे कारण नाही, असे तेव्हा सांगितले गेले. स्तनात हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी खरोखरच साध्या असतात. कधी ती पाण्याची गाठ असते, कधी तंतुमय ऊतीची. म्हणून गाठ लागली म्हणजे कर्करोगच, असे समजून हातपाय गाळणे चूक. पण मागची गाठ साधी निघाली म्हणून नवी गाठही तशीच असणार, हे गृहीत धरणे त्याहून घातक. प्रत्येक नव्या गाठीची तपासणी नव्याने करावी लागते.

दुसरा मोठा गैरसमज दुखण्याविषयीचा आहे. दुखत नाही म्हणजे घाबरण्यासारखे काही नाही, असे आपल्याकडे अनेक बायका धरून चालतात आणि महिनोन् महिने कोणाला सांगत नाहीत. वस्तुस्थिती अशी, की स्तनाच्या कर्करोगाची सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. ती टणक असते आणि हळूहळू वाढते. त्वचेला खळी पडणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे, ही इतर लक्षणे. यातले काहीही दिसले तर ते दुखण्याची वाट पाहू नये.

१९५७ हे वर्ष कार्सन यांच्यासाठी कठीण ठरले. ज्या भाचीला त्यांनी वाढवले होते, ती आपला पाच वर्षांचा मुलगा मागे ठेवून वारली. पन्नाशीला आलेल्या आणि लग्न न केलेल्या कार्सन यांनी त्या मुलाला दत्तक घेतले. वृद्ध आईची शुश्रूषाही त्याच करत होत्या. डिसेंबर १९५८मध्ये आईही गेली. याच काळात त्यांनी डीडीटी आणि इतर कीटकनाशकांवरची माहिती जमवायला सुरुवात केली होती. विमानातून फवारलेल्या विषाने पक्षी मरत होते, मासे मरत होते, आणि ही द्रव्ये माणसांच्या चरबीत साठत होती. शास्त्रज्ञांची पत्रे, सरकारी अहवाल, प्रयोगशाळांचे निष्कर्ष यांचे ढीग त्यांच्या टेबलावर वाढत गेले.

१९६०च्या आरंभी पुन्हा गाठ लागली आणि एप्रिलमध्ये वर सांगितलेली शस्त्रक्रिया झाली. या शस्त्रक्रियेमागे एक मोठा इतिहास होता. कार्सन ज्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकल्या, तिथेच विल्यम हॉल्स्टेड या नामांकित शल्यचिकित्सकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पद्धत रूढ केली होती. कर्करोग मुळापासून आजूबाजूला पसरत जातो, म्हणून जितके जास्त कापू तितका रोगी वाचण्याचा संभव जास्त, असा त्यामागचा विचार. ७० वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत हाच नियम होता. या शस्त्रक्रियेनंतर छाती खोलगट व्हायची, हात सुजायचा, खांदा नीट हलायचा नाही.

त्या काळी आणखी एक रीत होती. गाठ असलेल्या स्त्रीला भूल द्यायची, गाठीचा तुकडा लगेच तपासायचा आणि तो कर्करोगाचा निघाला तर तिला जागे न करता त्याच वेळी स्तन काढून टाकायचा. भूल घेताना आपण कोणत्या अवस्थेत उठणार हे त्या स्त्रीला ठाऊक नसायचे. आज तसे होत नाही. आधी हाताने तपासणी, मग वयानुसार मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि मग जाड सुईने घेतलेला छोटा नमुना, अशा क्रमाने निदान होते. त्या अहवालावर बोलून, विचार करून पुढचे ठरते. सुई लावली की कर्करोग पसरतो, ही भीती आपल्याकडे फार आहे आणि तिच्यापायी पुष्कळ जणी तपासणी टाळतात. नमुना तपासल्याने आजार वाढत नाही. तपासणी लांबवल्याने मात्र तो वाढायला वेळ मिळतो.

कार्सन यांच्या डॉक्टरांनी खोटे का सांगितले, हे समजायला तेव्हाचा रिवाज पाहावा लागतो. १९६१मध्ये शिकागोतल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी सांगितले होते, की कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगणेच ते पसंत करतात. रुग्ण खचेल, जगण्याची उमेद सोडेल, अशी त्यांची समजूत होती. बाईच्या आजाराबद्दल बोलायचे ते तिच्या नवऱ्याशी, असा प्रघात होता. कार्सन यांना नवरा नव्हता, त्यामुळे ती वाटही बंद होती. विज्ञानाचे शिक्षण घेतलेली, वैद्यकीय शोधनिबंध वाचणारी आणि नेमका प्रश्न विचारणारी स्त्रीसुद्धा स्वतःच्या शरीराबद्दल अंधारात राहिली.

डिसेंबर १९६०मध्ये त्यांना छातीच्या बरगडीजवळ टणक सूज जाणवली. या वेळी त्यांनी क्लीव्हलँड क्लिनिकमधले डॉ. जॉर्ज क्राइल यांच्याकडे धाव घेतली. क्राइल हे त्यांच्या परिचयातले होते. स्तनाच्या अवाजवी मोठ्या शस्त्रक्रियांविरुद्ध त्या काळात उघडपणे बोलणाऱ्या थोड्या शल्यचिकित्सकांपैकी ते एक. त्यांनी खरे ते सांगितले. एप्रिलमधली गाठ कर्करोगाची होती आणि आता तो पसरला होता. आठ महिने उपचारांविना गेले होते.

खरे कळल्यावर कार्सन खचल्या का? त्यांच्या चरित्रातून दिसते ते वेगळेच. त्यांनी रेडिएशनचे उपचार सुरू केले, आपल्या हाती किती वेळ आहे याचा अंदाज घेतला आणि पुस्तकाचे काम त्यानुसार आखले. सत्य लपवले जाण्याचा त्यांना राग होता. सत्य सांगणाऱ्या डॉक्टरांविषयी त्यांच्या मनात शेवटपर्यंत कृतज्ञता राहिली. डॉक्टरांचा रिवाजही पुढे बदलला. १९६१मधल्या त्याच प्रश्नावर १९७९मध्ये अमेरिकेत पुन्हा पाहणी झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर निदान रुग्णाला सांगण्याच्या बाजूने होते. आपल्याकडे मात्र अजूनही दवाखान्याच्या दारात नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेतात आणि आईला काही सांगू नका, अशी विनंती करतात. त्यामागे माया असते, हे खरे. पण उपचार आईला सोसायचे असतात, निर्णय तिच्या शरीराबद्दल असतात, आणि केस गळू लागल्यावर तिच्यापासून काही लपूनही राहत नाही.

पुढची दीड-दोन वर्षे कार्सन यांनी ज्या अवस्थेत लिहिले ती वाचूनही थक्क व्हायला होते. रेडिएशनचा थकवा होता. सांध्यांना सूज येऊन काही काळ चालणे बंद झाले. डोळ्यांचा दाह झाला तेव्हा स्वतःचे लेखनही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले. कीटकनाशके आणि कर्करोग यांच्या संभाव्य संबंधावरचे प्रकरणही याच पुस्तकात आहे. ते त्यांनी अत्यंत संयमाने, पुराव्यांच्या आधारे लिहिले. त्यात स्वतःच्या आजाराचा एक शब्दही नाही.

'सायलेंट स्प्रिंग' सप्टेंबर १९६२मध्ये प्रसिद्ध झाले आणि गदारोळ उडाला. रसायन उद्योगाने मोठी प्रचारमोहीम उघडली. भावनेच्या भरात वाहून गेलेली बाई, लग्न न केलेली म्हातारी, अशी हेटाळणी झाली. आपल्याला कर्करोग आहे हे बाहेर फुटले तर विरोधक म्हणतील, की ही बाई आपल्या आजाराचा सूड रसायनांवर उगवते आहे, अशी कार्सन यांना खात्री होती. म्हणून त्यांनी आजार अगदी जवळची माणसे सोडून कोणालाही कळू दिला नाही. केस विरळ झाले तेव्हा टोप घातला. चालायला त्रास होऊ लागला तेव्हा संधिवाताचे कारण पुढे केले. एप्रिल १९६३मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांची मुलाखत लाखो लोकांनी पाहिली. जून १९६३मध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. शांत, ठाम आवाजात बोलणाऱ्या या बाईंच्या हाडांमध्ये कर्करोग पोहोचला आहे, याची समोरच्या लोकांना कल्पना नव्हती. १९६४च्या वसंतात तो यकृतापर्यंत गेला. १४ एप्रिल १९६४ रोजी मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग येथील घरी, वयाच्या ५६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९७२मध्ये अमेरिकेत शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर बंदी आली, ती पाहायला त्या नव्हत्या.

मग कार्सन यांना हा आजार कीटकनाशकांमुळे झाला का? असे म्हणायला आधार नाही, आणि त्यांनी स्वतः तसा दावा कधी केला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये डीडीटीचा समावेश कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या द्रव्यांत केला. तरी प्रौढ स्त्रियांच्या रक्तातले त्याचे प्रमाण मोजून केलेल्या बहुतेक अभ्यासांत स्तनाच्या कर्करोगाशी थेट संबंध आढळला नाही. लहान वयात किंवा जन्माआधी झालेल्या संपर्काचा प्रश्न वेगळा आहे; त्यावर संशोधन चालू आहे. एका रुग्णाच्या आजाराचे एकच कारण बोट दाखवून सांगणे बहुतेक वेळा शक्य नसते.

कारणांच्या बाबतीत आपल्याकडचे गैरसमज आणखी वेगळे आहेत. घट्ट अंतर्वस्त्रांमुळे किंवा घामाचा वास घालवणाऱ्या फवाऱ्यांमुळे हा आजार होतो, याला विश्वासार्ह पुरावा नाही. घरात कोणाला नव्हता म्हणजे आपल्याला होणार नाही, हेही चूक. आनुवंशिक जनुकदोषामुळे होणारे स्तनाचे कर्करोग साधारण ५ ते १० टक्केच असतात आणि बहुसंख्य रुग्णांच्या घरात हा आजार आधी नसतो. मूल न झालेल्या स्त्रियांमध्ये धोका थोडा जास्त आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये थोडा कमी असतो, हे खरे. पण मुलांना पाजले म्हणून पूर्ण संरक्षण मिळत नाही, आणि अविवाहित राहिल्याची ती शिक्षाही नव्हे. वाढते वय हा सर्वांत मोठा घटक. रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा, मद्यपान आणि व्यायामाचा अभाव यांनीही धोका वाढतो. पुरुषांनाही हा आजार होतो. शंभर रुग्णांमागे साधारण एक पुरुष असतो. आणि तो संसर्गजन्य नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याचे काहीच कारण नाही.

कार्सन यांच्या मृत्यूनंतर उपचार फार बदलले. मोठी शस्त्रक्रिया म्हणजेच चांगली शस्त्रक्रिया, ही समजूत अमेरिकेतले डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७१पासून केलेल्या तुलनात्मक चाचण्यांनी मोडीत काढली. योग्य रुग्णांमध्ये गाठ आणि भोवतालचा थोडाच भाग काढून पुढे रेडिएशन दिले, तर पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइकतेच आयुष्य मिळते, हे २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२मध्ये पुन्हा सिद्ध झाले. इटलीतल्या चाचण्यांचा निष्कर्षही तोच होता. गाठीच्या पेशी संप्रेरकांना प्रतिसाद देतात की नाही, हे आता नमुन्यावरून कळते आणि तशी असेल तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे देऊन आजार परतण्याचा धोका कमी करता येतो. कार्सन यांच्या वेळी ही गोळी उपलब्ध नव्हती. त्यामुळे १९६०मध्ये खरे सांगितले असते तर त्या वाचल्या असत्या, असे ठामपणे म्हणता येणार नाही. उपचार लवकर सुरू करण्याची संधी मात्र त्यांच्याकडून त्यांच्या नकळत काढून घेतली गेली.

आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे आणि आपल्याकडे अनेक रुग्ण आजार बराच वाढल्यावर डॉक्टरांकडे पोहोचतात. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८पासून २० वर्षे एक मोठा अभ्यास केला. वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि ५० वर्षांवरील स्त्रियांमध्ये त्यामुळे होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. तरी त्यांनीही लक्षण दिसताच तपासून घ्यायला हवेच. महागडे यंत्र जवळ नाही म्हणून काहीच करता येत नाही, हा समज या अभ्यासाने खोडून काढला आहे.

स्तनात काही वेगळे जाणवले तर पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. नमुन्याच्या तपासणीचा लेखी अहवाल स्वतः मागून घ्या आणि जपून ठेवा. गाठ कोणत्या प्रकारची आहे, किती पसरली आहे, संप्रेरकांच्या तपासण्या काय सांगतात, स्तन वाचवता येईल का, हे प्रश्न कागदावर लिहून न्या. उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारा, गरज वाटली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. त्याने कोणाचा अपमान होत नाही. सोबत कोणी तरी असावे, पण बोलणे तुमच्यासमोर व्हावे. १९६०मध्ये कार्सन यांनीही नेमका प्रश्न विचारला होता, पण अहवाल त्यांच्या हाती नव्हता. आज तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.